देव झोपलेत

दि. ९ जुलै

ती. वन्संना साष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे इथे सुखरूप आहोत. आधी तुमचा गुडघा कसा आहे ते कळवा. तेल संपलं असेल तर शेजारच्या काकूंकडून आणवून घ्या, उद्यावर ढकलू नका. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, मग आपण दोघी नुसत्याच ‘हॅलो हॅलो’ करत बसतो, आणि पैसे मात्र पूर्ण संभाषणाचे जातात. म्हणून पत्रच लिहायला बसले.

जागा बरी आहे. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, मागे कपडे वाळत घालण्यापुरती गॅलरी. भाडं आसपासच्या जागांपेक्षा कमी आहे. मीच घासाघीस केली. हे म्हणाले, “गोदामात माझ्या जागी तूच ये, ट्रकवाले सरळ होतील.” देव प्रवासभर माझ्या मांडीवर होते, तुमच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेले. एकालाही धक्का लागला नाही. तुम्ही हसाल, पण डबे उघडायच्या आधी कोनाडा पुसून त्यांना बसवलं आणि दिवा लावला. मगच चहा ठेवला.

घरमालक खाली एकटेच राहतात. बेकरीत रात्रपाळीला असतात, दिवसा झोपतात. माणूस सज्जन आहे.

ह्यांचं नवीन गोदाम मोठं आणि माणसं कमी. घरी आले की बुटासकट खुर्चीत बसतात आणि तसेच पेंगतात. मी बूट काढते तेव्हा “राहू दे, राहू दे” म्हणतात आणि पाय पुढे करतात. बाळाला खालचे दोन दात आले. मुलगी शाळेत जाते.

माणसं वाईट नाहीत. जिन्यात बायका भेटतात, हसतात, पण कुणी थांबत नाही. समोरच्या दाराला सदा कुलूप. भाजीवाल्याकडे मी घ्यायच्या नसलेल्या भाजीचेही भाव विचारते. आता त्यालाही कळलंय. परवा म्हणाला, “ताई, दुधी आजही तेवढ्यालाच आहे आणि आजही तुम्ही घेणार नाही.” दिवसभरात तेवढंच काय ते मोठ्या माणसाशी बोलणं.

तुम्हाला इकडे आणायचं आहेच. पण जिना फार उभा आहे, तुमच्या गुडघ्याला झेपायचा नाही. बस्तान नीट बसू दे, मग बघू. घाई नको.

देवाच्या कृपेने सगळं ठीक चाललंय. तब्येतीला जपा.

तुमची,
भावजय

*

दि. २ ऑगस्ट

ती. वन्संना साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. गुडघ्याची सूज उतरली हे वाचून बरं वाटलं. तुम्ही लिहिलंत, “सगळ्यांचं कळलं, भाजीवाल्याचंसुद्धा. आमच्या रेडिओचं मात्र तीन शब्दांत आटोपलंस. बॅटरी संपली की काय?” हेच मला तुमचं पत्र वाचून दाखवत होते. त्या ओळीशी आले आणि हसले, म्हणाले, “ताई बरोबर पकडते.” मग हसायचे थांबले आणि पत्र घडी करून माझ्याकडे दिलं.

तेव्हापासून दोनदा पत्र लिहायला घेतलं आणि भाजी फोडणीला टाकायच्या निमित्ताने उठले. आज बाळ झोपलंय, भाजी झालीय, उठायला निमित्त नाही. तेव्हा लिहिते.

वन्सं, आपला रेडिओ बोलत नाही.

पोर आजारी नाही. खाते, खेळते, बाळाला झोके देते. बोलायचं असलं की माझी मान खाली ओढते आणि कानात सांगते. घरात असं, आणि घराबाहेर तेही नाही.

हे असं आपोआप झालेलं नाही. जागा बघायला आलो तेव्हा घरमालकांनी विचारलं होतं, “मुलं आहेत म्हणून कुणी जागा देत नाही, मी देतो. भाडंही कमी घेतो. पण दिवसा आवाज चालायचा नाही. घरात कोण कोण?” मी म्हटलं, आम्ही दोघं आणि दोन मुलं. “वडीलधारं कुणी?” मी नाही म्हटलं. हे वर नळ बघत होते, त्यांनी ऐकलं नाही. तुम्ही असलात की आपण सगळेच वरच्या पट्टीत बोलतो, ते इथे कसं निभावणार, हे माझ्या तेव्हाच मनात आलं होतं. जिना उभा आहे हे खरं. पण तुम्हाला मागे ठेवलं ते जिन्यामुळे नाही.

तुम्हाला मागे ठेवलं, पण तुमचा आवाज लेकीच्या गळ्यातून आलाच. ती तुमच्या मांडीवर बोलायला शिकली, तेव्हा बोलणं म्हणजे तिकडच्या गॅलरीतून विहिरीपर्यंत पोचलं पाहिजे अशीच तिची समजूत. इथेही सकाळी उठल्यापासून तसंच सुरू. खालून छताला काठीचे ठोके यायचे. मग एकदा घरमालक स्वतः वर आले. डोळे लाल, अंगावर पांघरूण तसंच. म्हणाले, “बाई, मला भांडता येत नाही. पण असंच चाललं तर दुसरं बिऱ्हाड बघावं लागेल.”

मी मुलीवर ओरडले नाही, हात तर नाहीच उगारला. मी देवाला मध्ये घातलं.

तिला कोनाड्यापुढे नेलं आणि सांगितलं, “देव किती लांबून आलेत, दमलेत ना? झोपलेत. आवाज झाला तर उठतील आणि आपल्या जुन्या घरी निघून जातील. मग आपल्याला इथे कोण?” तिने मान डोलावली. तिचा छोटा रुमाल आणून देवांवर पांघरला. त्या दिवसापासून खालून ठोका नाही. मला कोण आनंद झाला. अशी जागा, असं भाडं, आणि मूलही शहाणं झालं. रात्री हिशेब लिहिताना देवाचे आभार मानले मी, वन्सं.

मग शाळेच्या बाईंनी बोलावलं. म्हणाल्या, “हिला ऐकू येतं ना? घरात कुणाला बहिरेपण आहे का?” ह्यांनी सांगितलं, माझ्या बहिणीला आहे. मग कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मशीन लावून तपासलं. कान उत्तम. त्यांनी विचारलं, “मग घरी तरी बोलते का?” मी म्हटलं, “बोलते. कानात.” ते माझ्याकडे बघत राहिले. मी पिशवीचा बंद नीट करत बसले.

येताना बसथांब्यावर मी तिला विचारलं, “शाळेत का गं बोलत नाहीस? तिथे तर आपले देव नाहीत.” तिने माझी मान खाली ओढली. म्हणाली, “तूच म्हणतेस ना, देव सगळीकडे असतो. मग सगळीकडे झोपलाय.”

हे म्हणाले, “काय म्हणतेय?”
मी म्हटलं, “पाय दुखतायत म्हणते.”
ह्यांनी तिला खांद्यावर घेतलं. मी मागून चालत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी रुमाल काढला आणि तिला सांगितलं, “उठले बघ देव. आता बोल.” तिने देवांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कानात म्हणाली, “मग तू का हळू बोलतेस?”

खरंच होतं ते. मी भांडीसुद्धा पदर खाली धरून ठेवते. बाळ रडलं की त्याचं तोंड छातीशी दाबते. रोजचं देवाचं स्तोत्रही नुसतं ओठांत. इथे आल्यापासून माझा आवाज मीच ऐकला नव्हता, आणि ऐकायला दुसरं कुणी नव्हतंच.

म्हणून त्याच दिवशी, दुपार आहे, खाली झोपमोड होईल, सगळं ठाऊक असून दिव्यापुढे उभी राहिले आणि मोठ्याने म्हणायला लागले. आवाज घोगरा निघाला, दुसऱ्याच बाईचा वाटला. चार ओळीही झाल्या नसतील. पोर धावत आली, पाटावर चढली आणि दोन्ही हातांनी माझं तोंड दाबलं. ओले हात होते, साबणाचा वास येत होता. तेवढ्यात खालून ठोके. ती रडायला लागली. तोंड उघडं, डोळ्यांतून धारा, आणि आवाज नाही. असं रडणारं मूल मी याआधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी ह्यांना सगळं सांगितलं. बूट काढायचे राहिले होते, तसेच ऐकत होते. शेवटी एवढंच विचारलं, “ताईला आणू नको हेही त्यासाठीच?”
“हो,” म्हटलं.
त्या दिवशी त्यांनी बूट स्वतःच काढले.

आता पुढचं. दुसऱ्या खोल्या बघितल्या. शेजारी पत्र्याच्या पेट्या बनवायचा कारखाना आहे, सकाळपासून दिवे लागेपर्यंत ठोकाठोक, म्हणून कुणी टिकत नाही. खोल्या तळमजल्यावरच, चारच पायऱ्या. भाडं इथल्यापेक्षा जास्त आहे, ते मी कुठून तरी बसवीन, तुम्ही मनात आणू नका. घरमालकांना सांगायला गेले तेव्हा ते कामावर निघाले होते. सगळं ऐकून दारातच उभे राहिले. म्हणाले, “मी गप्प बसवा म्हटलं होतं बाई. मुकी करा नव्हतं म्हटलं.” सकाळी आमच्या दाराशी टोस्टची पिशवी होती. माझ्यात त्यांच्यावर रागवायचं बळ नाही, आणि तसं कारणही नाही.

येत्या एक तारखेला आम्ही तिकडे जातो. वन्सं, तुम्ही या. तुम्हाला आणू, बघू, असं आता म्हणत नाही. त्यानंतरच्या रविवारी हे तुम्हाला घ्यायला येतील. बोलावण्यात माझा स्वार्थ आहे, तोही सांगून टाकते. तुमच्याशी कानात बोलून भागत नाही. तुमच्यापुढे तिला तोंड उघडावं लागेल, नाहीतर तुम्ही नुसतं “काय? काय?” करत राहाल आणि तिला ते कधीच सहन व्हायचं नाही. तरीही बोलली नाही तर? तर पुढे काय, मला माहीत नाही. मी दिव्यापुढे बसते, पण मागायला तोंड होत नाही. त्यांना झोपवलं मीच.

पत्र लिहिते आहे हे तिने पाहिलं. मी विचारलं, आत्याला काय लिहू? तिने माझी मान खाली ओढली. तिचे शब्द जसेच्या तसे लिहिते:

“आत्याला सांग, तिच्याकडे देव जागा असला तर इकडे घेऊन ये.”

आलात की दाराची कडी वाजवू नका. रस्त्यावरूनच हाक मारा, तुमच्या नेहमीच्या आवाजात.

वाट बघणारी, अजून हळूच बोलणारी,
तुमची भावजय