बुजवलेली खाच

७ मार्च १९८१, शनिवार

मी मान हलवली. आधी हे लिहिते, मग बाकीचे.

जत्रेच्या मैदानावरच्या सभागृहात आज जुन्या बंदुकांचे विक्री-प्रदर्शन होते. बाबांच्या टेबलामागे मी नेहमीसारखी बसले होते, मांडीवर पुस्तक. टोलेफसनकाका आले. पूर्वी ते वाचनालयाची गाडी चालवत; भर बर्फातही माझी पुस्तके आमच्या कुरणावरच्या घरापर्यंत आणून देत. बाबांना विचारून त्यांनी टेबलावरची आखूड स्प्रिंगफील्ड बंदूक उचलली.

"डेल, घोडदळाची ना ही? माझे आजोबा असलीच खोगिराला लटकवायचे!"

"असेल."

"इथल्याच एखाद्या छावणीतली दिसतेय."

"असेल बुवा."

बाबा खोटे बोलत नाहीत. गोष्ट गिऱ्हाईकच रचते. बाबा ती मोडत नाहीत, इतकेच. इथे सगळे असेच विकतात.

मग काका माझ्याकडे वळले. "काय गं पुस्तककिड्या, तुला सगळं ठाऊक असतं. खरी आहे ना?"

मी पुस्तकात पाहत राहिले. आणि ‘हो’ म्हणून मान हलवली!

८ मार्च

ती बंदूक पायदळाची होती. लांब, नळीचे तोंड फाटलेले. जानेवारीत बाबांनी गॅरेजमध्ये नळी कापली, टोकावरची नेम धरायची माशी पुन्हा बसवली, लाकूडही आखूड केले. पायदळाच्या बंदुकीत नळीखालच्या लाकडाला नळी साफ करायचा गज ठेवायची खाच असते. घोडदळाच्या बंदुकीला ती नसते, आणि तिला किंमत जास्त येते. म्हणून ती खाच अक्रोडाच्या पट्टीने बुजवली. सरस वाळेपर्यंत पट्टी दाबून धरली ती मी. रंग जुळावा म्हणून वर कॉफी चोळली तीही मीच — आणि जुळला तेव्हा टाळी वाजवली होती!

१० मार्च

वाचनात लक्ष नाही. एकच पान.

१५ मार्च, रविवार

चर्चच्या पायऱ्यांवर काकांनी चारचौघांत माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हिच्या शब्दावर घेतली ती बंदूक, बरं का! हिच्या बापाचं काय, उद्या तोफ दाखवली तरी ‘असेल’ म्हणेल." सगळे हसले. बाबाही हसले. मी हातमोज्याची शिवण उसवत राहिले.

गाडीतून घरी येताना म्हटले, "बाबा, त्यांना सांगू या ना."

"मी काय खोटं बोललो त्यांना?"

"मी बोलले."

बाबांनी वायपर सुरू केला. मग म्हणाले, "ऑलिव्ह, या लोकांत वीस वर्षं काढलीत मी. उद्या माझ्या टेबलापाशी कुत्रंही उभं राहणार नाही. कळतंय का तुला?"

कळते. म्हणूनच तर जीभ उचलत नाही.

२८ मार्च, शनिवार

आज एकटीच काकांकडे गेले. बंदूक चुलीवरच्या भिंतीवर होती. उभ्याउभ्याच सांगितले, अडखळत, जमिनीकडे पाहत. काकांनी ती खाली काढली, चष्मा लावला, नळीखालच्या लाकडावरून नख फिरवले. नख अडले. पुन्हा फिरवले. पुन्हा अडले.

"हं. पट्टी आहे खरी."

बंदूक पुन्हा भिंतीवर टांगली. मग विचारले, "बापाला सांगून आलीस?"

"नाही."

"बरं केलंस. आता आणखी कुणाला सांगू नकोस. मीही नाही सांगत. पाय-पेस्ट्री खातेस का? ऱ्हुबार्बच्या आंबट देठांची आहे."

दोन तुकडे खाल्ले. रडत घरी आले. ज्याला फसवले त्यानेच बाबांची अब्रू झाकली! इतक्या मोठ्या मनाच्या माणसासमोर मी किती क्षुद्र आहे!

५ एप्रिल

काकांना लोणच्याची बरणी पाठवली. बाबांनी विचारले, "कशाबद्दल?" सांगितले नाही.

११ एप्रिल, शनिवार

पुन्हा प्रदर्शन. बाबांच्या टेबलासमोरच्या रांगेत टोलेफसनकाकांनी टेबल घेतले होते. टेबलावर ती बंदूक. बिलिंग्ज शहराहून आलेल्या एका जोडप्याला ते सांगत होते, "माझ्या आजोबांची. मरेपर्यंत त्यांनी उशाशी ठेवली. या पोरीनं स्वतः तपासलीय — सांग गं त्यांना!"

मी सांगितले. कापलेली नळी, पट्टी, कॉफी — सगळे; सभागृहाच्या दारापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. कुणी कापली, असे त्या बाईने विचारले. तेही सांगितले. वळून पाहिले तर बाबांच्या टेबलामागे कुणी नव्हते.

बाहेर आमची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मी अजून आतच होते.