थंड जागी ठेवावे

४ मे, सकाळी
उपकरणांसोबत जाणाऱ्या माहितीपत्रकांची भाषा तपासणं हे माझं काम. उन्हाळ्याचं पत्रक आज छपाईला दिलं. बंद गाडीत उपकरण ठेवू नये. चार्ज होताना कव्हर काढावे. तापल्यास थंड व कोरड्या जागी ठेवावे. यातलं 'व कोरड्या' मी काढलं. या उन्हात ओली जागा आहेच कुठे? वाक्य आटोपशीर झालं.
संकल्प: घरातही हे नियम पाळायचे. आणि अण्णांना एकदाचं सांगून टाकायचं.

५ मे
नियम फ्रिजवर चिकटवले. हिने वाचले आणि विचारलं, माणूस तापला तर कुठे ठेवायचा? दुर्लक्ष केलं.
अण्णांना सांगायचं राहिलं. तीन वर्षांपूर्वी आई गेली, त्या दुपारी त्यांनी मला चार फोन केले होते. माझा फोन उन्हाने तापून बंद पडला होता, असं मी सांगितलं. बंद नव्हता. कँटीनमध्ये होतो, वडिलांचं नाव पाहिलं आणि म्हटलं, जेवून करू. एवढंच आहे. वाक्यं तयार आहेत. वेळ योग्य हवी.

८ मे, दुपारी
४३ अंश. अण्णा झोपलेले आणि त्यांचं कानाचं मशीन खिडकीत, भर उन्हात. हाताला चटका बसला. वय झालंय त्यांचं, बोललो नाही. नियमाप्रमाणे थंड जागी ठेवलं: फ्रिजमध्ये, दीड तास. उठल्यावर काढून दिलं. कानात घालताच म्हणाले, बर्फ घातलास की काय रे? मग हसले.

११ मे
अण्णांमध्ये सुधारणा. पूर्वी माझ्या प्रत्येक वाक्यात चूक काढायचे. आता शांतपणे ऐकून घेतात, मान डोलावतात. टीव्हीचा आवाज वाढव म्हणून भुणभुण नाही. गारव्याने मशीन सुधारलं असावं; ऑफिसात टिपण द्यायला हरकत नाही. लेक म्हणाली, बाबा, आजोबा हल्ली बोलतच नाहीत. तिला सांगितलं, याला समाधान म्हणतात.

१४ मे, संध्याकाळी
सांगितलं.
गॅलरीत दोघंच होतो. चार फोन, कँटीन, सगळं. मधे थांबलो नाही. अण्णा माझ्या तोंडाकडे बघत होते. शेवटी मान डोलावून म्हणाले, बरं. आणि माझ्या गुडघ्यावर थोपटलं.
तीन वर्षं उगाच घाबरलो. आज दोन घास जास्त गेले.
प्रामाणिक नोंद: त्यांचं नाव बघून तेव्हा कपाळाला आठी पडली होती, हे वगळलं. माफी मिळाली आहे, तर आता कशाला?

१७ मे
अण्णांच्या मशीनची नेहमीची तपासणी. तिथल्या तपासणाऱ्या बाईंनी ते उघडलं. आत पाणी. विचारलं, हे घालूनच आंघोळ करतात का? शक्यच नाही, म्हटलं, आमच्या घरी नियम आहेत. बाई म्हणाल्या, मग कुणीतरी फ्रिजमध्ये ठेवलं असेल. गार झालेली वस्तू बाहेर काढली की तिला पाणी सुटतं; आठ-दहा दिवस तरी हे मेलेलंच आहे.
मग त्यांनी कागदावर मोठ्या अक्षरांत अण्णांना विचारलं, ऐकू येत नाही हे घरी का सांगितलं नाही?
अण्णा जरा मोठ्यानेच म्हणाले, त्याने एवढं मायेने गार करून दिलं होतं. कसं सांगणार?
घरी येईपर्यंत मी हिशोब करत होतो. आठ ते सतरा. मधे चौदा येते.

१९ मे
पत्रकं सगळीकडे पोचली आहेत. ऑफिसात तीनशे उरली होती. प्रत्येकावर पेनाने 'व कोरड्या' लिहिलं. साहेब म्हणाले, एवढं काय त्यात?

२२ मे, संध्याकाळी
नवं मशीन आलं. अण्णांना आधी पंखा ऐकू आला, मग लेकीचं हसणं. मग मला गॅलरीत बोलावलं. म्हणाले, गेल्या आठवड्यात इथे बसून किती वेळ बोलत होतास. डोळे भरून आले होते तुझे. मला काही म्हणजे काही कळलं नाही. आता सांग.
एक शब्द सुटू नये म्हणून त्यांनी कानामागे हात धरला होता.
वाक्यं तयार होती.
म्हटलं, तेच हो. त्या दिवशी फोन तापून बंद पडला, त्याचं वाईट वाटतं.
अण्णा म्हणाले, उन्हाने होतं तसं. तुझा काय दोष?
आणि त्याच गुडघ्यावर थोपटलं.