धुराडं का वाकलं

चि. भावजी यांस,

वहिनीचे आशीर्वाद. जाऊबाईंचा गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळवा. तुमच्या ब्लडप्रेशरची चौकशी करत नाही, कारण पत्र वाचून होईपर्यंत ते बदललेलं असेल. आम्ही दोघं ठणठणीत आहोत. घराला मात्र टर्पेंटाइनचा वास आहे.

येत्या शनिवारी तुमचा निरोप समारंभ. इतकी वर्षं तुम्ही फेरीबोट या काठावरून त्या काठाला नेलीत आणि एकदाही धक्क्याला घासू दिली नाहीत. हे तुम्ही आम्हाला प्रत्येक भेटीत सांगता, आणि ते खरं आहे. म्हणून तुमच्या दादांनी ठरवलं, की धाकट्याला त्याच बोटीचं हातभर लांब प्लॅस्टिकचं मॉडेल द्यायचं, स्वतः जोडून, स्वतः रंगवून. (हे गुपित होतं. आता नाही. का, ते पुढे येईल.) जोडणी उत्तम झाली. नाटक रंगात आलं ते रंगाच्या वेळी. बोटीच्या अंगाचा रंग पाण्यातला, म्हणजे अ‍ॅक्रिलिक. धुराड्याचा तेलातला, म्हणजे एनॅमल. दोन्ही घट्ट, दोन्ही पातळ करायचे. दुकानदार ह्यांना म्हणाला, “साहेब, थिनर म्हणजे थिनर, कशातही घाला!” ह्यांनी अ‍ॅक्रिलिकमध्ये टर्पेंटाइन ओतलं. रंग दुधासारखा नासला. नासला तर नासला, हे त्याच्या गुठळ्या काढत बसले, आणि कशाने? माझ्या चहाच्या गाळणीने! मी जे बोलायचं ते बोलले. शेजाऱ्यांनी खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी मी ते खातं माझ्याकडे घेतलं. कॉलेजात आम्हाला रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाई सांगायच्या, विरघळणारा आणि विरघळवणारा एका स्वभावाचे हवेत, जशास तसे. (लग्न जमवताना हा नियम कुणी पाहत नाही.) त्याप्रमाणे मी कपाटात तीन बाटल्या मांडल्या. अ‍ॅक्रिलिकसाठी पाणी, एनॅमलसाठी त्याचं थिनर, आणि वाळून दगड झालेले ब्रश धुवायला अ‍ॅसिटोन. अ‍ॅसिटोनने फक्त धुवायचं. ते रंगात घालायचं नाही आणि मॉडेलजवळ तर न्यायचंच नाही, कारण प्लॅस्टिक त्याच्याच जातकुळीचं, भेटलं की विरघळलं. दूध पातळ करायला कुणी साबणाचं पाणी घालतं का? एवढं सगळं लिहायला कपाटाच्या दारावर जागा नव्हती, म्हणून मी ठळक अक्षरांत दोनच शब्द लिहिले: जशास तसे.

ह्यांनी ते वाचलं आणि त्यांना वाटलं, गाळणीचा सूड जाहीर झाला! हिची गाळणी गेली म्हणून आता ही माझ्या बाटल्या मोरीत ओतणार. बरं, मला विचारायचं तरी? छे. ह्यांनी (मला मागाहून कळलं) महागाचं थिनर गुपचूप पुस्तकांमागे लपवलं आणि त्याच्या बाटलीत स्वस्तातलं अ‍ॅसिटोन भरून ठेवलं. ओतलंच तर ते जाऊ दे! (एवढी दूरदृष्टी नोकरीत दाखवली असती, तर मॅनेजर होऊन निवृत्त झाले असते.)

मग धुराड्यावर रंगाचा एक ओघळ आला. मी खिडक्या उघडल्या, वास नाकात जाऊ नये म्हणून रुमाल बांधला (नियम माझाच), “एनॅमल थिनर” वाचून बाटली घेतली आणि ओघळ पुसायला लागले. ओघळ गेला. पाठोपाठ धुराडंही निघालं. आधी नरम पडलं, मग सभेत डुलकी लागलेल्या माणसासारखं हळूहळू डावीकडे कललं आणि तसंच राहिलं.

हे ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी सगळे ब्रश गुंडाळून ठेवले. मग म्हणाले, “धाकट्याला वाकडी बोट कशी देऊ? मी शनिवारी येत नाही. तू जा.” नवीन बोट मागवायला आता दिवस उरले नाहीत. तेव्हा मी त्यांना धुराड्याबद्दल एक खुलासा केला. तो ऐकून त्यांची कळी अशी खुलली, की जेवण अर्धवट टाकून पुन्हा ब्रश घेऊन बसले आणि आता शीळ घालताहेत. शनिवारी आम्ही दोघं येतो.

तुमची,
वहिनी

ता. क. खुलासा असा: “धुराडं बरोबरच आहे. भावजींची बोट एकदा धक्क्यावर आदळली होती, तेव्हापासून ते तसंच आहे.” हे म्हणाले, “मला कधी बोलला नाही!” मी म्हटलं, “कप्तान असलं सांगत फिरतात का?” तेव्हा शनिवारी कुणी धुराड्याबद्दल विचारलं, तर तुम्ही फक्त खाली बघून मान हलवायची. बोलू नका, तुम्हाला खोटं जमत नाही.

ता. क. २. मान जरा जास्त वेळ हलवावी लागेल. ह्यांनी आता बोटीच्या डाव्या बाजूला खरचटल्याचा लांब पट्टा रंगवलाय (फार सुरेख, खराच वाटतो) आणि समारंभात बोलायला त्यावर भाषणही बसवलंय. मध्ये विनोद आहेत.

ता. क. ३. तुम्ही बोलायला उभे राहाल तेव्हा दादांबद्दल हवं ते सांगा. जशास तसे. फक्त बाटली उघडणाऱ्या बाई रसायनशास्त्रात पहिल्या आल्या होत्या, तेवढं सोडून.