तालुका निरंक

५ एप्रिल २०२१, सोमवार

डोकं फिरलं आज! सकाळी सकाळी तालुक्याच्या सरकारी ऑफिसातून फोन. ताप, सर्दी, खोकल्याची गोळी जो कोणी नेईल त्याचं नाव आणि मोबाइल नंबर रोज संध्याकाळी फोनवर कळवायचा. सगळ्या मेडिकलवाल्यांनी. "नाही कळवलं तर मॅडम, लायसन्स..." पुढचं वाक्य त्यानं पूर्णच केलं नाही. गरजही नव्हती.

फार्मसीच्या कॉलेजात मला औषधं शिकवली. चहाड्या शिकवायच्या राहूनच गेल्या म्हणायच्या!

विनोदला सांगितलं तर हसून राहिला. "आता तू पोलीसपाटीलीन!" नवरा आहे म्हणून वाचला.

७ एप्रिल

काल नावं कळवली, आज दुपारी गाडी आली. दोन घरांच्या दाराला कागद चिकटवला, आणि म्हातारी, लेकरं, सगळ्यांना उचलून तालुक्याच्या वसतिगृहात नेलं. तिथं कोविड सेंटर उघडलंय. ज्याला ताप तोही त्यात, ज्याला नाही तोही त्यात. गाडीत चढताना एका बाईनं माझ्या दुकानाकडे बघितलं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

९ एप्रिल

गावातून ताप पळाला! आज दिवसभर एकही तापाचं गिऱ्हाईक नाही. सगळ्यांचं फक्त अंग दुखतं. "ताई, मोहफुलं येचून येचून कंबर गेली, गोळी द्या." "उनानं डोकं धरलं." एक बाप्या तर म्हणाला, बैलानं ढकललं. डोळे लाल, ओठ सुकलेले, आणि म्हणे बैलानं ढकललं! मी विचारलं, "अंगात कणकण आहे का?" तसा मागेच सरकला. "ताप नाई बापा! ताप कायचा?"

बाकीचे तर येतच नाहीत. किराणा दुकानातून गोळ्या नेतात, साखर-चहापत्तीबरोबर. किती घ्यायची, कोणी घ्यायची नाही, हे सांगणारं तिथे कोण? किराणावाल्याला फोन येत नाही न!

आणि माझं ऑक्सिजन बघायचं यंत्र काउंटरवर नुसतं पडून आहे. बोटाला लावलं की कळतं कोण घरी बरा होईल आणि कोणाला ताबडतोब न्यावं लागेल. पण बोट द्यायला माणूस तर दुकानात आला पाहिजे. कोणाला सांगू हे? भिंतीला?

१२ एप्रिल

तालुक्याला निवेदन देऊन आलो. आमच्या मेडिकलवाल्यांच्या संघटनेचे अध्यक्ष धनराजभाऊ, बसस्टँडसमोर दुकान आहे त्यांचं. मी सचिव. का, तर माझं अक्षर चांगलं! मागणी एकच: नावं कळवायची अट काढा. लोकांना दुकानात येऊ द्या. आम्ही ऑक्सिजन तपासू, ज्याला गरज त्याला समजावून सेंटरला पाठवू. गावोगावी डॉक्टर नाही, पण मेडिकल आहे. आमचं ऐकतात लोक. म्हणजे परवापर्यंत ऐकत होते.

तहसीलदार साहेबांनी उभ्याउभ्या कागद घेतला. वाचला नाही. म्हणाले, "मॅडम, तुम्ही दुकानदार लोक. हे धोरण वरून येतं."

मी म्हटलं, "वरून येतं साहेब, पण पडतं आमच्या डोक्यावर."

धनराजभाऊ जोरात खाकरले. मग फोटो! धनराजभाऊंनी फोटोपुरता मास्क हनुवटीखाली घेतला, साहेबांनीही. रोग फोटोच्या वेळी थांबतो बहुतेक.

१४ एप्रिल

पेपरात फोटो आला. मागणीची एक ओळ नाही. खाली छापलंय: "औषध विक्रेत्यांतर्फे साहेबांचा सत्कार". रडावं की हसावं!

धनराजभाऊंनी कात्रण व्हॉट्सॲपवर टाकलं, खाली हात जोडलेले.

१७ एप्रिल

दुकान बंद करताना सखाबाई आली. ढिवराची, मासोळी विकते बाजारात. मागच्या दारानं आली. माझ्या मेडिकलला मागच्या दारानं गिऱ्हाईक, असा दिवस बघायचा राहिला होता.

नवऱ्याला, इतवारीला, तीन दिवसांपासून ताप. स्वच्छ "ताप" म्हणाली. इतक्या दिवसांत तो शब्द पहिल्यांदा ऐकला.

"ताई, पाया पडतो, नाव नोका सांगू. गाडी आली त आमची मासोळी कोन घेईन? पोट्टे काय खातीन?"

मी म्हटलं, त्याला घेऊन ये, ऑक्सिजन बघते. तर म्हणे, "तो नाई येत. तो म्हनते, ताईच्या दुकानात गेलो का गाडीत गेलो."

गोळ्या दिल्या. संध्याकाळच्या फोनला त्याचं नाव नाही सांगितलं. चूक की बरोबर, देव जाणे. झोप नाही आता.

१८ एप्रिल

फोनवर संघटनेची मीटिंग. मी म्हटलं, सरळ लिहून देऊ, नावं देणार नाही, काय करायचं ते करा. मग धनराजभाऊ बोलले, "ताई, पोट हाये मागं सगळ्यायच्या. नाई म्हनाचंच नाई. फक्त निरंक म्हनाचं."

निरंक! त्यांचाच सरकारी शब्द. काहीच नाही, शून्य, त्याला निरंक. फोन आला की म्हणायचं, आज निरंक. सगळ्या तालुक्यानं रोज. "त्यायलेच समजते मंग, लोक नावं देऊन नाई राहिले म्हनून. अट आपोआप निघते. अन् लायसन्सही वाचते."

सगळे खूश. मीसुद्धा! साप मरेल आणि काठीही तुटणार नाही. शेवटी धनराजभाऊंच्या डोक्यातून काहीतरी निघालं, म्हटलं.

१९ एप्रिल

"मॅडम, आजचे?"
"निरंक."
"ओके."
झालं! इतकं सोपं होतं?

२३ एप्रिल

बातमी फिरली गावात, ताई नाव सांगत नाही. आणि लोक परत आले! समोरच्या दारानं. बोटं पुढे करतात, आकडा विचारतात, मी सांगते तितक्याच गोळ्या नेतात. बैलानं ढकललेला बाप्यासुद्धा आला. ताप होता, उतरला म्हणाला. बैलाचं काय झालं विचारलं, तर लाजला.

दुपारी इतवारी. सखाबाईनं हाताला धरून आणला. पायरीवरच बसला. यंत्र लावलं, शहाऐंशी. दुसरं बोट घेतलं, तेच. पंच्याण्णवच्या वर हवं असतं. तो हसून राहिला! "मी पान्यातला मानूस ताई. बुडी मारतो त किती येळ दम धरतो, माहीत नाई का तुमाले?" एवढं बोलायलाही दोनदा थांबला.

मी ओरडले त्याच्यावर. खरंच ओरडले, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर. मग विनोदनं गाडी काढली. वसतिगृहाच्या सेंटरमध्ये हवेतून ऑक्सिजन ओढणाऱ्या दोन मशिनी आहेत, त्यातली एक मिळाली. नशीब.

आल्यावर खूप रडले. बरं वाटलं म्हणून की भीतीनं, कळलं नाही.

२६ एप्रिल

इतवारीला बघून आले. खिडकीतून. उठून बसतो. मशीन लावली की चौऱ्याण्णव, काढली की धाडकन खाली. तिथली सिस्टर म्हणाली, अजून आठ-दहा दिवस तरी मशीन लागेल. "इथे मिळाली हे त्यांचं नशीब ताई. भंडाऱ्याला खाट नाही, नागपूरचं तर बोलूच नका."

इतवारीनं खिडकीतूनच हात केला. सखाबाईला म्हणाला, "रस्सा घेऊन ये वो, इथं नुसती खिचडी देतात." बाई हसली. पदर तोंडाला लावून हसली. आज मला वाटलं, आपण एक तरी काम बरोबर केलं.

२८ एप्रिल

संध्याकाळचा फोन.
"निरंक."
"छान मॅडम! तुमचा तालुका मस्त चाललाय. साहेब खूश आहेत."

खूश? कशाला खूश?

म्हटलं, "अहो, निरंक म्हणजे ताप नाही असं नाही. ताप आहे. नावं नाहीत."
"म्हणजे?"
"म्हणजे लोक नाव द्यायला घाबरतात. म्हणून आम्ही..." इथं जीभ अडकली. लायसन्स!
"मॅडम, आमच्याकडे तसा रकाना नाही. आकडा आहे की नाही?"
"...नाही."
"मग निरंक."

धनराजभाऊंना फोन केला. म्हटलं, यांना खरंच वाटून राहिलं की ताप गेला! उद्या जाऊन सरळ सांगू. ते म्हणाले, "ताई, आता सांगतलं त इतके दिवस खोटं बोललो म्हनून सगळ्यायचे लायसन्स जातीन. थांबा थोडं." बरं, मग काय करायचं? "थांबा म्हनलं न."

२९ एप्रिल

एकटीच गेले तालुक्याला. साहेब व्हीसीत, म्हणजे व्हिडिओवरच्या मीटिंगमध्ये. दुपारी जेवायला. जेवून परत व्हीसीत. बाकावर बसून राहिले. शिपाई म्हणाला, काम काय? मी म्हटलं, आमच्या तालुक्यात ताप आहे, एवढं सांगायचंय. तो माझ्यापासून दूर उभा राहिला. त्याला वाटलं, मलाच आहे!

पाच वाजता ऑफिस बंद झालं. उद्या या म्हणाले. हात चोळत घरी. चिठ्ठी ठेवावी म्हटलं, तर लिहायचं काय, सही कोणाची करायची? भ्याडच मी.

३० एप्रिल

दहा वाजता धनराजभाऊंचा फोन. ओरडतच. "ताई, जिंकलो! नावाची अट निघाली! आदेश आला!" मी विचारलं, कशामुळे? त्यांनी वाचून दाखवलं. मेडिकलच्या रोजच्या आकड्यांनुसार तालुका सतत निरंक असल्याने अट रद्द, आणि सेंटरही बंद, मशिनी गरज असलेल्या तालुक्याला. वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक झाला.

फोन ठेवते न ठेवते तोच सखाबाईचा. "ताई, मशीन काढून राहिले वो! म्हनतात, तुमच्या तालुक्यात ताप नाई. कोनं सांगतलं असं त्यायले? तुमी सांगा न ताई, तुमचं ऐकतीन!"