राणीसाहेबांचं खाणं

३ फेब्रुवारी, मंगळवार

"थुंकलं! परत थुंकलं!" — सकाळी सकाळी ही ओरडली. हातातला झारा तसाच टाकून धावलो. वाटलं, हिलाच काही झालं. कसलं काय! टाकीतल्या पाच सोनेरी माशांपैकी सगळ्यात जाड मासोळीने नवीन दाणा तोंडात घेतला, जरा चघळला आणि बाहेर टाकला. एवढ्यावर हिचा जीव खालीवर. त्या जाडीला ही 'राणीसाहेब' म्हणते. मला संसारात एकदाही राजेसाहेब म्हणाल्याचं आठवत नाही.

लेक नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली आणि जाताना ही टाकी आमच्या गळ्यात मारून गेली. "आई, सकाळ-संध्याकाळ चिमूटभर टाकायचं, बस." चिमूटभर! आता घरात वर तरंगणारे पापुद्रे आहेत, तळाला जाणारे दाणे आहेत, शेवाळाच्या हिरव्या वड्या आहेत, आणि गोठवलेल्या लाल अळ्या — माझ्या फ्रीजमध्ये! लोण्याच्या शेजारी!

दिवसभर फोन चालू. पलीकडे तो मिशीवाला, माशांच्या दुकानाचा मालक. "हो ना... हो... आधी खाते आणि मग टाकते... नाही हो, भूक आहे, पण पसंत नाही पडत." इतक्या लाडिक आवाजात माझ्याशी शेवटचं कधी बोलली होती?

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज मुद्दाम मेहनत घेतली. कांदा मंद आचेवर परतला, पार तांबूस होईपर्यंत, मग टोमॅटो, मग बटाटा, वरून ताजी मिरी कुटून. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाकी होतो तेव्हा मी हा रस्सा केला की कामगार पातेलं पुसून घ्यायचे. मॅनेजर साहेब स्वतः आत येऊन विचारायचे — उरलाय का रे?

हिने खाल्ला. ताट उचललं. "कसा झालाय?" "बरा झालाय." संपलं! लगेच टाकीपुढे खुर्ची.

ही पूर्वी अशी नव्हती. कौतुक कधीच सढळ हाताने केलं नाही, ते सोडा. पण एक घास खाऊन सांगायची — "आज कांदा घाईत परतलात." आणि ते खरं असायचं! अख्ख्या कारखान्यात एवढी जीभ कुणाला नव्हती. मी चिडायचो, भांडायचो, आणि दुसऱ्या दिवशी कांदा नीट परतायचो. आता मीठ जास्त पडलं तरी 'बरा झालाय', कमी पडलं तरी 'बरा झालाय'. निवृत्त झालो, आता मी कोणासाठी स्वयंपाक करायचा? हिने एकदा मनापासून काही म्हणावं. चांगलं म्हण, वाईट म्हण, पण म्हण!

८ फेब्रुवारी, रविवार

लिहायलाही लाज वाटते. हिच्या मागे मागे गेलो.

जाताना हिने केस दोनदा विंचरले. पिशवीत डबे. मी समोरच्या फुटपाथवर, केशकर्तनालयाच्या पाटीआड. गल्ली अरुंद, माशांच्या दुकानाच्या काचेतून सगळं दिसत होतं. मिशीवाला एक-एक डबा उघडून तळहातावर दाणे काढून दाखवत होता. माझ्यापेक्षा निदान वीस वर्षांनी लहान. ही वाकून बघत होती, हसत होती. मग दार उघडून एक गिऱ्हाईक आत गेलं तेवढ्यात हिचं बोलणं कानावर आलं — "पण हे त्यांना लागत कसं असेल? गोड? खारट?" तो काहीतरी म्हणाला आणि दोघं पुन्हा हसली.

माशाला कसं लागतं याची चौकशी! आणि घरी मी ताट वाढून तोंडाकडे बघत बसतो, त्याचं काय?

न्हाव्याने बाहेर येऊन विचारलं, "दाढी करायचीय का, काका?" करून घेतली. काय करणार!

९ फेब्रुवारी, सोमवार

मिशी ठेवावी का? — नको. हसतील लोक.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

मिशीवाल्याचं नवीन फर्मान : तरंगणारं खाणं बंद. वर येऊन खाताना मासे हवा गिळतात, पोट फुगतं. बुडणारे दाणे द्या, तेही आधी भिजवून. आणि आठवड्यातून एकदा उकडलेला वाटाणा — साल काढून!

साल काढून! ही तासभर बसली होती चष्मा लावून. एकेक वाटाणा दोन बोटांत धरायची, साल सोडवायची, आतला गर नखाने बारीक करायची. माझ्यासाठी हिने उभ्या आयुष्यात एक वाटाणा सोलला नाही. माझं पोट कॅन्टीनची शेवटची दहा वर्षं फुगलेलंच होतं. "ओवा खा," म्हणायची.

राणीसाहेबांनी वाटाणा खाल्ला. मग काय — फोन! "खाल्ला हो! सगळा खाल्ला!" डोळ्यांत पाणी, खरंच पाणी! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. फिरायला निघून गेलो. पायांत चपलाही दोन वेगळ्या जोडांच्या.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

घरात मासा शिजवायचा नाही, असा हुकूम. "त्यांच्यासमोर कसं खायचं?" त्यांच्यासमोर! म्हटलं, मी आयुष्यभर कोबीसमोर कोबी शिजवला, कोबीने कधी तक्रार केली नाही. हसली नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

ठरलं. तीनशे माणसं जेवू घातली मी. पाच माशांना काय खायला आवडतं ते एका मिशीवाल्याने मला शिकवायचं? तो डबे विकतो. मी स्वयंपाक करतो!

ही मैत्रिणीकडे गेल्यावर ओटा माझा झाला. पालक उकडला, वाटाणे (सालं काढून, हो!), कोळंबी बारीक ठेचली, जिलेटिनच्या पाण्यात घालून वडीसारखं थापायचं. मीठ टाकायचं नाही. हात तीनदा डब्याकडे गेला, तीनदा मागे घेतला! कधी अळणी शिजवलं नव्हतं मी. पण लसूण? लसणाशिवाय कसं होईल? आणि कच्चा लसूण घालायला माझा हात काही तयार होईना. कच्चा लसूण म्हणजे आळशी स्वयंपाकी. लोण्यात छान परतला. घरभर वास सुटला, शेजारीण दारातून विचारून गेली — काय बेत?

आणि प्रमाण! तिथे घोटाळा झाला. हाताला तीनशेची सवय. संपलं तेव्हा दोन ताटं भरून वड्या झाल्या होत्या. पाच माशांसाठी!

ही आली. स्वयंपाकघरात उभी राहिली, पाणी प्यायली, आणि काही विचारलं नाही. घर लसणाने घमघमतंय आणि बाई विचारत नाही, काय केलं म्हणून! माझ्या स्वयंपाकघरात काय शिजतं याचं हिला आता एवढंही कुतूहल उरलं नाही. फार लागलं ते मनाला.

१६ फेब्रुवारी, सोमवार

जिंकलो! ही आंघोळीला गेल्यावर वडीचे तुकडे टाकले. तुटून पडले! राणीसाहेबांनी दोन तुकडे गिळले आणि तिसऱ्यासाठी काचेला तोंड लावून उभ्या. थुंकल्या नाहीत! मिशीवाल्याचे दाणे तळाला तसेच. दुपारी पुन्हा टाकले. संध्याकाळी पुन्हा. मागतात हो! निदान या घरात कोणीतरी माझ्या हातचं मागून खातंय.

सांगू का हिला? नको. आधी चटक लागू दे.

१८ फेब्रुवारी, बुधवार

पाणी गढूळ झालंय. वर तेलकट साय. मासे सगळे वर येऊन तोंडं उघडतायत. ही टाकीपुढून हलत नाही. मी दिवसभर भांडी घासली — स्वच्छ होती तीच.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

राणीसाहेब सकाळी एका कुशीवर तरंगत होत्या. कल्ले हलत होते, पण कसेबसे. हिने मिशीवाल्याला घरीच बोलावलं. माझ्या घरी!

आला. दारातच थबकला, नाकाला रुमाल. "बाप रे! लसूण आणि काहीतरी नासलेलं. काकू, हा वास कधीपासून?"

ही टाकीवर अगदी वाकून उभी होती. नाक पाण्यापासून वीतभर. म्हणाली, "कसला वास?"

तो माझ्याकडे बघायला लागला. मी तिच्याकडे. मग मला राहवेना, ताट आणून समोर ठेवलं. सगळं सांगितलं. पालक, कोळंबी, लोणी, सगळं. वाटलं, आता ही फाडून खाणार मला. नुसती ताटाकडे बघत राहिली.

मिशीवाला मात्र हसला. "काका, लसूण? झकास! मासे वेडे होतात लसणाला. पण लोणी कुठे घातलंत! आणि केवढं टाकलंत — दोन मिनिटांत संपेल तेवढंच टाकायचं असतं." बाह्या सरसावून अर्धं पाणी काढलं, नवीन भरलं, हवेचा पंप वाढवला, तळ उपसला. एक दिवस उपास, म्हणाला. जगेल राणी. मुलगा वाईट नाही. हे लिहितानाही पोटात दुखतंय, पण नाही वाईट.

दुपार झाली होती. आलेल्या माणसाला जेवू घातल्याशिवाय सोडायचं, हे मला जमत नाही. सूप गरम होतं, भोपळ्याचं, वर जायफळ. पाव भाजला. त्याने पहिला चमचा घेतला, डोळे मिटले. दुसरा घेतला. "काकू! तुम्ही रोज असं जेवता? काय नशीब आहे तुमचं!"

किती दिवसांनी ऐकलं असं काही! तेही त्याच्याच तोंडून. मी खुशीत हिच्याकडे पाहिलं. हिचा चमचा वाटीतच होता. उठली, टाकीपाशी गेली आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. तो गेला तरी तशीच.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

राणीसाहेब सरळ पोहतायत. 'कसला वास?' — डोक्यातून जात नाही ते.

२१ फेब्रुवारी, शनिवार

विचारलं. सरळ विचारलं, दूध मुद्दाम करपवून, तिच्या नाकाखाली धरून. रडली.

नोव्हेंबरातल्या तापापासून तिला वास नाही, चव नाही. काहीच नाही. डॉक्टर म्हणाले होते, येईल तर येईल. लेकीला सांगितलं नाही, मला तर नाहीच. "तुम्ही ताट वाढून माझ्या तोंडाकडे बघत बसायचात. कसं सांगू? तुमच्याजवळ मला द्यायला दुसरं आहे काय?" आणि मासे? "ते खातात ते बघत बसते. आवडलं की कसे करतात, नाही आवडलं की कसे टाकतात. बघितलं की थोडं आठवतं."

"अगं, काहीच कळत नाही?" म्हटलं.

"गरम कळतं," म्हणाली.

तिच्यापुढच्या वाटीतलं सूप निवलं होतं. उठलो, पुन्हा गरम करून आणलं.