सोवळ्यातलं अ‍ॅप आणि सुनंदाची पानं

११ नोव्हें., मंगळ.
आमटीला फोडणी घालतेय तोच दिंडोशीहून सुनंदाचा (यापुढे सु.) फोन. "माझी वाट लागली गं!"
तैवानच्या भंतेंचं उत्तर आलंय. त्यांच्या विहारात वर्षभर चिनी बौद्ध ग्रंथ शिकायला मिळावं म्हणून हिने अर्ज केला होता. सोबत नमुन्याची पानं: लाकडी ठशांच्या जुन्या छपाईवरून एकेक अक्षर वाचून स्वतः टाइप केलेलं चिनी, खाली इंग्रजी. भंते अतिशय नम्रपणे विचारतात, अक्षरं जपानी वळणाची दिसतात, आपण कोणत्या जपानी पुस्तकावरून उतरवलंत?
म्हणजे चोर म्हटलं की सरळ! बँकेतून व्हीआरएस घेतल्यापासून ही बाई रोज पहाटे चिनी गिरवते. त्या पानांतली संस्कृत नावं मी लावून दिलेली, म्हणजे मी आरोपी क्र. २.
आमटी करपली. श्री. निमूट जेवले.

१२ नोव्हें., बुध.
सु. लॅपटॉप घेऊन मुलुंडला हजर. चहा नको, पाणी नको, "आधी बघ."
बघितलं. 'समुद्र' हे अक्षर. जुन्या छपाईच्या फोटोत पोटात दोन थेंब. हिच्या पानावर थेंबांच्या जागी एक उभी रेघ. कळ तीच दाबलेली, अक्षर तेच, वळण मात्र जपानचं.
मला हसूच आलं. आपला मराठी ल, मराठी श मोबाईलवर हिंदी वळणाने उमटतात, तेच हे! अक्षर तेच, कपडे शेजाऱ्यांचे.
"हसतेस काय? माझं वर्ष हातचं चाललंय."
हसू आवरलं. पण मजा पुढेच आहे. साध्या नोंदींच्या खिडकीत तेच अक्षर टाकलं तर दोन थेंब! तिच्या लिहायच्या अ‍ॅपमध्ये टाकलं तर रेघ! एकच मशीन, एकच फॉन्ट, दोन तोंडं. स्क्रीन दोनदा पुसून बघितली. खरंच.

१३ नोव्हें., गुरु.
आज पराक्रम. म्हटलं जपानी फॉन्टच उडवू, मग चिनीशिवाय जाईल कुठे. उडवला. सगळ्या पानांवर रिकामे चौकोन. चिनी, जपानी, कोरियन सगळी भावंडं एकाच फाईलमध्ये नांदतात म्हणे. एकाला हाकललं की घर ओस.
सु.: "पंडितीणबाई, हात काढा माझ्या मशीनवरून."
फॉन्ट परत टाकला. चौकोन गेले, रेघ परत आली. एवढा आनंद मला रेघ बघून कधी झाला नव्हता.
एक मात्र उलगडलं, आणि ते पाप माझंच. लॅपटॉप घेतला तेव्हा मीच हट्टाने तो आख्खा मराठीत करायला लावला होता, मेनूपासून तारखांपर्यंत. आपली भाषा, आपला बाणा वगैरे. मशीन चिनी भाषेत असतं तर त्याने चिनी वळण धरलं असतं. मराठी बघून बिचाऱ्याला काहीच कळलं नाही, रांगेत पहिला उभा होता तो जपानी उचलला. मग सु.ने मागे कधीतरी "चिनी आधी" अशी फॉन्ट निवडायच्या नियमांची फाईल लिहून ठेवली, म्हणून साधी खिडकी ऐकते.
पण अ‍ॅप का ऐकत नाही??

१४ नोव्हें., शुक्र.
सापडलं! सापडलं!!
हे अ‍ॅप सँडबॉक्सवालं. पेटीत बंद. फॉन्ट बाहेरून घेतं, पण नियमांची फाईल बाहेरची वाचत नाही. स्वतःच्या खोलीत स्वतःचं फोल्डर, तिथे असेल तेच प्रमाण. आणि तिथे काहीच नाही.
सु.ला फोन. "अगं, अ‍ॅप सोवळ्यात बसलंय! बाहेरचं शिवतच नाही!"
पलीकडून शांतपणे: "तरीच. तुमच्या आळीतलं दिसतंय."
मी पाच मिनिटं हसत होते. ती त्याहून जास्त. मग म्हणाली, "आमच्या लोकांनी काय केलं माहितीये ना? तुमच्या दारात उभं राहणं सोडलं, स्वतःचं विहार बांधलं. त्याच्या खोलीत त्याची वेगळी फाईल ठेव. विषय संपला."
तस्संच केलं. म्हणजे तिने केलं, मी फोनवर सूचना देत होते आणि ती त्या ऐकत नव्हती. फाईलची एक प्रत त्या पेटीतल्या फोल्डरात. अ‍ॅप बंद, अ‍ॅप चालू.
"दोन थेंब," ती म्हणाली. मग नाक ओढल्याचा आवाज. रडत होती बहुतेक. मी दुधाचं निमित्त करून फोन ठेवला.

१५ नोव्हें., शनि.
दिंडोशी. मला वाटलं नवी पानं पाठवायची की झालं. सु. ठाम, नाही.
"आता सुधारून पाठवलं तर काय वाटेल त्यांना? पकडली गेली, म्हणून पुसलं."
बरोबर आहे. माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. दुरुस्तीच उलटी अंगावर येणार.
दुपारभर वाद, मध्ये तिच्या हातची सुकटीची चटणी आणि भाकरी. मी नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. दोन भाकऱ्या.
मग भंतेंना पाठवलेली जुनी पीडीएफ उघडून तिचे तपशील सहज बघितले, तर आत वापरलेल्या फॉन्टचं नाव लिहिलेलं, शेपटीला जपानीची खूण! म्हणजे वळण फॉन्टचं, पुस्तकाचं नव्हे, याचा पुरावाच! मी ओरडलेच. शेजारीण दार वाजवून गेली.
पत्रात सगळंच घातलं. जुनी पानं, नवी पानं, दोन्हींतली फॉन्टची नावं, सोवळ्याची हकीकत (सोवळं इंग्रजीत सांगताना घाम फुटला, शेवटी गाळलं). मी एक भारदस्त वाक्य घातलं होतं, सत्याबद्दल. सु.ने खोडलं. "सत्य बोलतेय तर सांगायला कशाला लागतं?"
पाठवलं.

१७ नोव्हें., सोम.
उत्तर! दोन ओळींचं. फॉन्टबद्दल अवाक्षर नाही. बुधवारी सकाळी व्हिडिओवर भेटू, कागद-पेन घेऊन बसा.
पटलं की नाही पटलं? सु. म्हणते, नाही. मी म्हणते, नसतं पटलं तर भेटू कशाला म्हणाले असते? ती म्हणते, तोंडावर नाही म्हणायला. आम्ही दोघी ते "कागद-पेन" दहादा वाचतोय.

१९ नोव्हें., बुध.
हे सु.च्या स्वयंपाकघरात बसून लिहितेय. दार अर्धं उघडं. आतलं अर्धं ऐकू येतंय, त्यातलं अर्धं कळतंय.
भंते म्हातारे आहेत, आवाज गोड. त्यांनी पडद्यावर एक जुनं पान धरलं, हिने न पाहिलेलं. वाचा म्हणाले. सु. वाचायला लागली. पहिली ओळ अडखळत, दुसरी बरी, तिसरीला तर तीच त्यांना थांबवून काहीतरी विचारत होती! मग एका जागी अडकली. बराच वेळ.
"हे अक्षर मला येत नाही," इंग्रजीत म्हणाली. सरळ. अगं बाई, काहीतरी अंदाज तरी ठोक!
भंते हसले की खोकले, कळलं नाही. मग त्यांनी ते अक्षर ब्रशने मोठं काढून दाखवलं, एकेक रेघ सावकाश, आणि म्हणाले, आता हे आख्खं पान हाताने लिहा, मी बघतो.
सु. लिहितेय. मधूनच जीभ बाहेर काढते, शाळेतल्या पोरीसारखी. भंते काही बोलत नाहीयेत, पण गेलेही नाहीत.
चहा उकळून उकळून काळा झालाय. उठून गॅस बंद करावा तर खुर्ची कुरकुरेल.