चतुर्दशीला फवारणी बंद

कुंडल,
रविवार, दुपार

प्रिय चंदना,

अनेक आशीर्वाद. आधी बातमी सांगतो, कारण ती पोटात ठेवून बाकीचं लिहिणं मला जमायचं नाही. आपला कॉम्प्युटर नवा झाला. म्हणजे डबा तोच, पण आतलं सगळं पुसून पुन्हा घातलं, आणि ते मी माझ्या हातानं घातलं. त्यात गेलेली मेल, नंबर, कॅलेंडर, सगळं परत आलं. तू म्हणशील, एवढ्यासाठी पत्र कशाला, फोन होता की. पण फोनवर काय होतं ते तुला माहीत आहे. तुझी आई बोलता बोलता तो माझ्या कानाला लावते, मी 'बरी हायस ना' म्हणतो, तू 'हो' म्हणतेस, आणि मी 'ठेवतो' म्हणून मोकळा होतो. तू साताऱ्याला नोकरीला गेल्यापासून आपलं बोलणं एवढंच. त्यात ही गोष्ट मावणार नाही.

झालं असं, की चढाला बैल बसावा तसं ते मशीन बसायला लागलं होतं. सकाळी चालू करावं, शेडमध्ये एक फेरी मारून यावं, तरी पडद्यावर गोल चक्कर फिरतंच आहे. पलूसच्या दुकानदारानं बघितलं न बघितलं आणि नवं घ्या म्हणून मोकळा झाला. मी म्हटलं, बाबा रे, रोपांसाठी उसाचा डोळा काढायचं मशीन मी खोलून जोडलंय, ठिबकची सगळी जुळणी मी बघून बघून शिकलोय, हे काय आभाळातनं पडलंय? मग मोबाइलवर व्हिडिओ लावले. हिंदीत एक जण फार भरभर सांगायचा, त्याला थांबवत थांबवत चार दिवस कागदावर उतरवून घेतलं. नंतर पुसण्याआधी सगळं बाहेरच्या डिस्कवर काढलं. फोटो, बिलं, ठिबकच्या अनुदानाचे कागद, तुझ्या आईनं मंदिरात म्हटलेली स्तवनं. काढलेलं नीट उतरलंय का, एकेक उघडून ताडून पाहिलं. तुझी आई दारातनं म्हणाली, की लग्नाच्या याद्यासुद्धा ह्या माणसानं इतक्या बारकाईनं बघितल्या नव्हत्या. मी लक्ष दिलं नाही.

पुसलं, नवं घातलं, चालू केलं. कसं पळत होतं म्हणून सांगू! मी खुशीत मेल उघडायला गेलो, तर मशीन मलाच विचारतंय, नवीन खातं उघडायचं आहे का? माझ्याच दारात मला पाहुण्यासारखं उभं केलं. मेल कोरी. नंबरांच्या जागी काही नाही. कॅलेंडर धुतल्या फरशीसारखं स्वच्छ. पुढं कळलं, की ह्या तीन गोष्टी आपल्याला दिसणाऱ्या फोल्डरांत नसतातच. मशीन त्या आत कुठंतरी झाकून ठेवतं, आणि नेमकं तेच मी पुसलं होतं. घर पाडण्याआधी सगळं सामान अंगणात काढावं आणि भिंतीतलं कपाट विसरावं, तसं झालं.

दुसऱ्या कुठल्या महिन्यात झालं असतं तर मी हसलो असतो. पण आडसाली उसाची लागण सुरू झालेली. दोन्ही शेडनेट रोपांनी गच्च भरलेली, आणि कुठला ट्रे कुणाचा, कुणी सरी कधी सोडली, कुणाचा टेंपो कुठल्या दिवशी, हे सगळं त्या कॅलेंडरात. रोप काही दुकानातला साबण नाही. तारीख चुकली की मुळी ट्रेमध्येच वेटोळं घालते आणि ते रोप रानात गेल्यावर रुसतं. शेतकऱ्याचं वर्ष जातं, आपला शब्द जातो. माझा शब्द गेला तर रोपवाटिकेत उरलं काय? प्लॅस्टिकचे ट्रे. तुला आठवतंय ना, मोघम बोलणाऱ्याची नोंदणी मी कधी घेतली नाही. 'बघू', 'कदाचित' म्हणणाऱ्याला मी चहा पाजून परत पाठवतो. आता लोक मला विचारायला लागले आणि 'बघू' म्हणायची पाळी माझ्यावर आली.

आपल्या टेंपोवाल्या नाथाजीला तर आयतंच मिळालं. टेंपोच्या टपावर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं त्यानं विचारलं, "आण्णा, कॉम्प्युटर इसरला का तुमी इसरला, तेवढं सांगा, म्हंजे गाडी कुठं न्यायची ती मी ठरवतो."

पहिल्यांदा मेल आली. ती गावाबाहेरच्या कुठल्यातरी मोठ्या मशीनवर राहत असते. पासवर्ड आठवला, बरोबर पडला, आणि विहिरीत पाणी चढावं तशी खालून वर येत गेली. मग नंबर. ते फोनवरनं आणायचे. आणले, तर मशीननं विचारलं, एकाच नावाची माणसं दोनदा दिसतात, एकत्र करू का? मला वाटलं, चांगलं आहे, पसारा कमी होईल. हो म्हटलं. आता आपल्याकडं नंबर कसे लिहिलेले असतात ते तुला ठाऊक आहे. आण्णा, आण्णा, आण्णा. तात्या, तात्या. पाहुणे, पाहुणे, पाहुणे. मशीननं सगळ्या सांगली जिल्ह्यातले आण्णा मिळून एक आण्णा केला. त्याला डझनावारी नंबर, आणि फोटो शिरगावच्या त्या पैलवानाचा. तुझ्या आईच्या भावाला लावलेला फोन तासगावच्या बेदाणा व्यापाऱ्यानं उचलला, आणि तोही आण्णाच असल्यामुळं बराच वेळ दोघांना काही वावगं वाटलं नाही. एकेकाला सोडवायला दोन दिवस गेले. आता प्रत्येक आण्णापुढं गाव लिहिलंय.

राहिलं कॅलेंडर. मेल ज्या रस्त्यानं आली त्याच रस्त्यानं तेही येईल अशी माझी खात्री होती. आलं नाही. माझ्या नावाचं कॅलेंडर उघडत होतं, पण त्यात काहीच नव्हतं, जन्मापासून कधी काही लिहिलंच नसावं असं. मग मी फोन करकरून विचारायला लागलो, की बाबा, तुझी तारीख कधीची ठरली होती? ज्याला विचारावं त्याची पाळी उद्याच. आडसालीत खोटं बोलणं हे लोक खोटं धरत नाहीत. त्यात साताऱ्याचे हंबीरराव सुभेदार टेंपो घेऊन दारात हजर. पलटण सोडून किती वर्षं झाली, पण अजून चालतात तसेच. म्हणाले, माझी तारीख आज आहे. मी म्हटलं, कशावरनं? तर म्हणाले, मी आलोय ह्यावरनं. आणि शेडच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले.

मी आत जाऊन मशीनपुढं बसलो आणि जुनी मेल उपसायला लागलो. कुणीतरी तारीख लिहून कळवली असेल म्हणून. खाली खाली जाता जाता तू कॉलेजात असतानाची मेल लागली. एकच ओळ: "आण्णा, ह्या निळ्या अक्षरांवर टिचकी मारा, दुसरं काही करू नका." ती वाचताना तुझा आवाज ऐकू आला, अगदी माझ्या हातातनं माउस काढून घेताना असायचा तसा. मी टिचकी मारली. दुसरं काही केलं नाही. पडदा क्षणभर पांढरा राहिला आणि मग, चंदना, सगळं शेत एकदम उगवून यावं तसं आलं! जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, एकेक चौकट भरलेली. ट्रे, वाण, गाव, टेंपो. मी ओरडलो असेन, कारण तुझी आई हातातलं पीठ तसंच घेऊन पळत आली. तिला वाटलं, मला विजेचा धक्का बसला.

सुभेदारांची तारीख दुसऱ्या दिवसाची निघाली. मी पडदा त्यांच्याकडं फिरवला. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि तोंड जराही न हलवता म्हणाले, की आमच्यात आदल्या दिवशी हजर व्हायचं असतं. मग त्यांना ठेवून घेतलं. तुझ्या आईनं शिरा केला आणि आपल्या जैन घरच्या रीतीनं दिवस मावळायच्या आत पानावर बसवलं. पलटणीतसुद्धा इतक्या लवकर कुणी जेवायला घातलं नव्हतं, असं म्हणत दोनदा शिरा घेतला.

आता खरं लिहायचं ते इथून पुढं. जेवणाआधी मी एकेक नोंद उघडून तपासत होतो. गेलेलं सगळं आलंय का, हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. दुसऱ्या दिवसाच्या चौकटीत होतं, 'चतुर्दशी. फवारणी बंद.' अष्टमी-चतुर्दशीला रोपावर औषध मारायचं नाही, जीव मरतात, हा तुझ्या आजोबांचा नियम, तो मी मोडलेला नाही. मशीन घेतल्यापासून त्या दिवशी सकाळी ते आपण होऊन सांगतं, आज फवारणी बंद. ह्या गोष्टीचा मला किती अभिमान! पलूसच्या बाजारात, मंदिराच्या पायरीवर, किती जणांना सांगितलं असेल, की आमच्या कॉम्प्युटरला पंचांग येतं, तिथी काढायला माणूस लागत नाही. तेव्हा म्हटलं बघावं तरी, हा गडी तिथी काढतो कशी. नोंद उघडली. खाली बारीक अक्षरात होतं: तयार केली, चंदना.

मला वाटलं, पहिल्या वर्षाची राहिली असेल. अष्टमी उघडली. चंदना. मागचा महिना उघडला, मागचं वर्ष उघडलं. दशलक्षण पर्वाच्या आधी फवारणी उरकून घ्या, चंदना. डोळा काढायच्या मशीनचं पातं बदला, चंदना. आईचे डोळे दाखवायचे. आण्णांची साखर, उपाशीपोटी. सुभेदारांना आदल्या दिवशी फोन करा, ते लवकर येतात, हे पण तूच. तू गेलीस त्यानंतरच्या महिन्यांतही तुझंच नाव. मग मी पुढं गेलो. पुढच्या वर्षाच्या सगळ्या अष्टम्या आणि चतुर्दश्या भरलेल्या आहेत. कॅलेंडराच्या वर, कुणाचं ते लिहिलेलं असतं, तिथंही तूच आहेस. मी इतकी वर्षं त्यात पाहुणा म्हणून लिहीत होतो, आणि माझी समजूत, की ते माझं.

तू जाताना अंगणात उभी राहून बोललीस ते माझ्या लक्षात आहे. एक शेडनेट माझ्या हातात द्या, माण भागात पाणी येतंय, तिकडची नोंदणी मी बघते, एवढंच तुझं मागणं होतं. मी म्हटलं, बघू. तेव्हा तू म्हणालीस, "आण्णा, तुमास्नी माणूस नको, मशीन पायजे." ह्यावर मी गेले कित्येक महिने मनातल्या मनात उत्तरं तयार करत होतो. चांगली चांगली उत्तरं होती. त्या चौकटी उघडत गेलो तसं त्यातलं एकही कामाचं राहिलं नाही.

तेवढ्यात सुभेदार मागं येऊन उभे राहिले. त्यांनीही बाजारात माझी फुशारकी ऐकलेली. पडद्याकडं बघून म्हणाले, "भूपालराव, खरंच पंचांग येतं का हो ह्याला?"

मी म्हटलं, "येतं की. साताऱ्यात बसून भरतं."

 जेवताना त्यांनी आपण होऊन विषय काढला. तिकडं माणात, म्हसवडला त्यांच्या सासुरवाडीची जमीन आहे, रस्त्याला लागून. कालव्याचं पाणी बांधापर्यंत पोचलंय, ऊस वाढतोय, आणि रोप न्यायला लोकांना एवढ्या लांब आपल्याकडं यावं लागतं. तिथं रोपवाटिका टाका म्हणाले. तू जाण्याआधी जे बोलत होतीस तेच, शब्दाला शब्द. मी ऐकून घेतलं आणि काल नाथाजीला घेऊन जाऊन आलो. सिद्धनाथाच्या देवळापासून फार लांब नाही. माती मी हातात घेऊन बघितली, पाणी चाखून बघितलं, वारा कुठून येतो ते उभा राहून बघितलं. शेडनेटचं तोंड उत्तरेला ठेवावं लागेल असं मला वाटतं, पण ते मी ठरवलेलं नाही.

आणि ह्यासाठीच हे पत्र. तुझ्या कॅलेंडरात मी पुढच्या रविवारी सकाळची एक नोंद केली आहे, 'म्हसवड, जागा बघणे', आणि तुला बोलावणं धाडलंय. खाली माझं नाव येईल. न विचारता केली, पण कळून-सवरून अशी पहिल्यांदाच, कारण आजपर्यंत कळलंच नव्हतं की विचारायला हवं. नाथाजीचा मेहुणा बोर्ड रंगवायला बसलाय. वर रोपवाटिकेचं नाव झालं, खाली 'मालक' एवढं लिहून तो थांबलाय आणि मला विचारतोय, पुढं काय. मी त्याला सांगितलं, कॅलेंडरात आहे तेच नाव, पण रंग भरायच्या आधी तिला विचारायचंय, तोवर ब्रश धुऊन ठेव. तुझी नोकरी आहे, तुझं तिथं बस्तान बसलंय, हे मला कळतं. मशीन तुला तीन उत्तरं देईल: येणार, नाही, कदाचित. 'कदाचित'वर टिचकी मारलीस तरी मला चालेल.

तुझाच,
आण्णा